स्टीम इस्त्री घेण्याआधी घरातला प्लग, पाणी आणि कपाट बघा

स्टीम इस्त्रीच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: वॅट किती आणि वाफ किती. गिऱ्हाईक ते बघून इस्त्री घेतं. घरी आल्यावर कळतं की प्लगच्या जाड पिना बेडरूमच्या बोर्डात शिरतच नाहीत, किंवा सहा महिन्यांत वाफेऐवजी पांढरी भुकटी पडायला लागते. दोन्ही गोष्टी दुकानात जाण्याआधी घरातच कळल्या असत्या.

वाफ लागते का, हे कपाट सांगतं

कपाट उघडा आणि आठवड्याला कोणते कपडे इस्त्रीला निघतात ते बघा. सुती शर्ट, लिनन, खादीचे कुर्ते, जीन्स, सुती पंजाबी ड्रेस जास्त असतील तर स्टीम इस्त्री घ्याच. सुती धागा ओलसर झाल्याशिवाय सुरकुती सोडत नाही. वाफ कापडात आतपर्यंत जाते आणि वरून दाबाबरोबर उष्णता मिळाली की धागा सरळ बसतो. साध्या इस्त्रीवर यासाठीच पाणी शिंपडून कपडे गुंडाळून ठेवावे लागतात.

शाळेचे गणवेश आणि टेरिकॉटच्या पँटी एवढंच काम असेल तर साधी इस्त्री आणि पाण्याची स्प्रे बाटली पुरते. ज्या घरात सुती साड्यांना कांजी किंवा स्टार्च घालतात, तिथे वाफेचा उलट त्रासच होतो. खळ वाफेने पुन्हा मऊ पडते, इस्त्रीच्या तळाला चिकटून करपते आणि वाफेची भोकं बुजवते. खळीच्या साडीला हाताने पाणी शिंपडून, वाफ बंद ठेवूनच इस्त्री करायची.

पैठणीला आणि कुठल्याही जरीच्या साडीला वाफ नको. रेशमावर थेंब पडला तर डाग राहतो आणि ओलसर उष्णतेने जरतार काळी पडू शकते. उलट्या बाजूने, मध्ये मलमलचा कोरडा कपडा ठेवून, कमी तापमानावर इस्त्री फिरवायची. स्टीम इस्त्रीचं वाफेचं बटण बंद केलं की ती कोरडी इस्त्रीच असते, त्यामुळे साड्यांसाठी वेगळी इस्त्री घ्यायची गरज नाही. फक्त टाकीतलं पाणी आधी पूर्ण काढून टाका. बंद बटणातूनही एखादा थेंब सुटतो, आणि तो नेमका पदरावर पडतो.

प्लगचा हिशेब

आपल्या घरातले छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असतात. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. म्हणून १००० ते १३०० वॅटच्या इस्त्रीला बारीक पिनांचा थ्री-पिन टॉप येतो आणि ती कुठल्याही खोलीत चालते. १६०० ते २४०० वॅटच्या इस्त्रीला जाड पिनांचा १६ अँपिअरचा टॉप असतो. तसा पॉइंट बहुतेक घरांत गीझर, एसी, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनजवळच सापडतो.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जाड पिनांचा टॉप बारीक सॉकेटमध्ये बसवणारा अडॅप्टर. २००० वॅटची इस्त्री जवळपास ९ अँपिअर ओढते. सॉकेटची पितळी पट्टी तापून सैल होते, सैल झाली की आणखी तापते, आणि एक दिवस प्लास्टिक पिवळं पडून वितळलेलं दिसतं. टीव्हीसाठी घेतलेल्या एक्स्टेंशन बोर्डाचंही हेच होतं. जिथे इस्त्री करायची जागा आहे तिथे १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर दोनच मार्ग: इलेक्ट्रिशियनकडून योग्य जाडीची वायर ओढून पॉइंट करून घ्या, नाहीतर १३०० वॅटच्या आतली इस्त्री घ्या.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तिथे आणखी एक गणित लक्षात ठेवायला हवं. इस्त्रीच्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर २००० वॅटची इस्त्री सव्वाबाराशे वॅटएवढंच काम करते आणि १२०० वॅटची साडेसातशेच्या आत येते. मग तापमान भरून यायला वेळ लागतो आणि वाफेबरोबर पाणी गळतं. अशा ठिकाणी जास्त वॅटची इस्त्री घेणं शहाणपणाचं ठरतं, अर्थात वायरिंग तसं असेल तर. घरातल्या इन्व्हर्टरवर मात्र कुठलीही इस्त्री लावू नका. पंखे-दिव्यांसाठीचा इन्व्हर्टर ती ओढू शकत नाही.

अमेरिकेतून कुणी इस्त्री आणून देत असेल तर नको म्हणा. ती १२० व्होल्टची असते, आपल्या २३० व्होल्टवर लावली की काही क्षणांत जाते, आणि तिला पेलेल असा ट्रान्सफॉर्मर इस्त्रीपेक्षा महाग आणि जड पडतो.

खोक्यावरचा वाफेचा आकडा कसा वाचायचा

वाफेचे दोन आकडे असतात. सलग वाफ, म्हणजे बटण चालू ठेवल्यावर मिनिटाला किती ग्रॅम पाण्याची वाफ होते. आणि बूस्ट, म्हणजे बटण दाबल्यावर एकदम सुटणारा झोत. खोक्यावर मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा बूस्टचा आकडा असतो, कारण तो दिसायला दणदणीत असतो: १००, १५०, २००. हाही मिनिटाला ग्रॅमच्या हिशेबानेच असतो, पण झोत टिकतो एक-दोन सेकंदच. शर्टाला मात्र सलग वाफेचाच उपयोग होतो.

सलग वाफ किती असू शकते हे वॅटवरून काढता येतं. २५ अंशाच्या १ ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ करायला साधारण २५७० ज्यूल लागतात. मिनिटाला १ ग्रॅम वाफ हवी असेल तर ते सुमारे ४३ वॅट झाले. म्हणजे १२५० वॅटच्या इस्त्रीने सगळी ताकद फक्त वाफेत घातली तरी मिनिटाला २९ ग्रॅमच्या वर जाताच येणार नाही. शिवाय तिला स्वतःचा तळ तापलेला ठेवायचा आहे, कापडालाही उष्णता द्यायची आहे. त्यामुळे तिच्याकडून खरी १५ ते २० ग्रॅमची अपेक्षा धरावी. १२५० वॅटच्या खोक्यावर ‘४० ग्रॅम सलग वाफ’ लिहिलेलं दिसलं तर बाकीची माहितीही जपूनच वाचावी. ४० ग्रॅमला नुसत्या वाफेसाठीच १७०० वॅटच्या वर लागतात.

मग १५० ग्रॅमचा बूस्ट येतो कुठून? तळाच्या जाड अॅल्युमिनियममध्ये साठलेल्या उष्णतेतून. एक-दोन सेकंदांचा झोत त्यातून निघतो, पण लगेच पुन्हा पुन्हा दाबत राहिलात तर साठा संपतो आणि वाफेऐवजी गरम पाणी उडतं. दोन झोतांमध्ये चार-पाच सेकंद जाऊ द्यायचे.

सुती शर्ट-कुर्त्यांना १५ ते २० ग्रॅम सलग वाफ पुरते. लिनन, जीन्स, जाड चादरी नेहमीच्या असतील तर २५ ते ३० हवी. पडदे टांगलेल्या अवस्थेत सरळ करायचे असतील तर बूस्ट १०० ग्रॅमच्या वर बघा आणि इस्त्री उभी धरूनही वाफ सुटते का, तेही विचारा.

आकडा खरा की खोटा हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घरीच तपासता येतं. टाकी भरून, कॉटनच्या तापमानावर इस्त्री पूर्ण तापवा, प्लग काढून काट्यावर वजन घ्या. समजा १३२० ग्रॅम भरलं. गरम तळ काट्यावर ठेवू नका, इस्त्री टाचेवर उभी करा. मग पुन्हा प्लग लावून, इस्त्रीवरचा दिवा विझला की वाफ पूर्ण उघडा आणि जुन्या टॉवेलवर घड्याळ लावून दोन मिनिटं फिरवा. वाफ बंद करून परत वजन. १२८६ आलं तर दोन मिनिटांत ३४ ग्रॅम गेले, म्हणजे मिनिटाला १७. बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत हे करून बघा.

टाकीचं मापही यावरूनच ठरतं. २०० मिलिलिटरची टाकी २० ग्रॅमच्या वाफेला दहा मिनिटं टिकते, म्हणजे दोन-तीन शर्ट. रविवारी पंधरा-वीस कपडे एकदम काढणाऱ्यांनी ३०० मिलिलिटरच्या वर बघावं. पण ते ३०० मिलिलिटर म्हणजे हातावर ३०० ग्रॅम जादा वजन, हेही विसरू नका.

तळ

इस्त्रीचा तळ, म्हणजे सोलप्लेट, आतून बहुधा अॅल्युमिनियमचाच असतो. फरक वरच्या थराचा. नॉनस्टिक थर स्वस्त इस्त्रीत असतो. तो छान सरकतो, पण शर्टाचं धातूचं बटण किंवा पँटची चेन लागली की ओरखडा पडतो, आणि मग तो ओरखडाच रेशमाचे धागे ओढतो. सिरॅमिकचा थर सरकायला आणखी चांगला आणि उष्णता सारखी पसरवणारा. मात्र इस्त्री एकदा टाचेवरून खाली पडली की कडेला टवका उडू शकतो. स्टेनलेस स्टीलवर ओरखडे सहज पडत नाहीत आणि साफ करायला ते सगळ्यात सोपं, वजनाला मात्र थोडं जास्त. घरात जीन्स आणि चेनवाले कपडे खूप असतील तर स्टील, नाहीतर चांगलं सिरॅमिक.

भोकांची संख्या मोजत बसू नका. ती कुठे आहेत ते बघा: टोकाशी आणि दोन्ही कडांना असतील तर वाफ इस्त्रीच्या पुढे पोचते. मधेच गोळा झालेली असतील तर निम्मं कापड कोरडंच राहतं. टोकाजवळ दोन्ही बाजूंना बटणाखाली शिरणारी खाच आहे का, तेही बघा.

पाणी: इस्त्री किती वर्षं टिकणार ते इथे ठरतं

स्टीम इस्त्रीत पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या कप्प्यात पडतं आणि पूर्ण आटतं. पाण्यातले सगळे क्षार तिथेच राहतात. पाण्याचा टीडीएस ५०० असेल, म्हणजे लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम क्षार, तर २०० मिलिलिटरच्या प्रत्येक टाकीमागे ०.१ ग्रॅम मागे उरतात. आठवड्यात दोन टाक्या धरल्या तर वर्षाला १० ग्रॅम, म्हणजे चहाचे जवळपास दोन चमचे भुकटी, पेन्सिलीएवढीही जागा नसलेल्या वाटांमध्ये. इस्त्री बिघडते ती इथे.

मुंबईत भातसा, वैतरणा, तानसाच्या तलावांचं पाणी येतं. त्यात क्षार कमी, त्यामुळे नळाचं पाणी सरळ चालतं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी मिळणाऱ्या पेठांमध्येही फारशी अडचण नाही. पण बोअर आणि टँकरवरच्या नव्या सोसायट्या, आणि मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे बोअरचं पाणी वापरणारी घरं यांनी आधी टीडीएस मोजून घ्यावा. आरओ फिल्टरची सर्व्हिस करायला येणाऱ्याकडे मीटर असतोच, नळाचं पाणीही त्याच्याकडून तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचा टीडीएस चांगला धरला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला आहे. इस्त्रीसाठी २०० च्या वर गेलं की आरओचं पाणी घाला. घरी आरओ नसेल तर सीलबंद डिस्टिल्ड पाणी नळाच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. काही कंपन्या पूर्ण डिस्टिल्ड वापरू नका म्हणतात, तेव्हा पुस्तिकेतलं ते पान वाचून घ्या.

एसीच्या नळीतून गळणारं पाणी डिस्टिल्डसारखंच, असा समज बराच पसरला आहे. ते कॉइलवरची धूळ आणि बुरशी घेऊन येतं. कपड्यांना वास लागतो आणि डाग पडतात. पावसाचं साठवलेलं पाणीही नको. टाकीत अत्तर, कम्फर्ट, स्टार्च यांतलं काहीही घालायचं नाही. व्हिनेगर आणि लिंबाचा रस क्षार काढतात खरे, पण अॅल्युमिनियमचा कप्पा आणि रबरी सीलही खातात.

म्हणून घेताना ‘कॅल्क-क्लीन’ किंवा सेल्फ-क्लीनचं बटण असलेलीच इस्त्री घ्या. गोड्या पाण्याला महिन्यातून एकदा, बोअरला पंधरा दिवसांतून एकदा ते वापरायचं:

१. वाफेचं बटण बंद ठेवून टाकी खुणेपर्यंत भरा.
२. तापमान सगळ्यात वर लावा. दिवा विझून पुन्हा लागून परत विझेपर्यंत थांबा.
३. प्लग काढा.
४. बेसिनवर इस्त्री आडवी धरून कॅल्क-क्लीनचं बटण दाबून धरा आणि हलकेच पुढे-मागे हलवा. उकळतं पाणी, वाफ आणि पांढरे पापुद्रे पडतील, हात लांब ठेवा.
५. पापुद्रे यायचे थांबेपर्यंत हेच पुन्हा करा.
६. शेवटी तापवून जुन्या सुती कपड्यावर फिरवा, म्हणजे राहिलेलं पाणी आटेल.

दुकानात हातात घेतल्यावर

इस्त्री एका हातात धरून एक मिनिट टेबलावर शर्टावर फिरवल्यासारखी फिरवा. रिकामी १.१ किलोची इस्त्री पाणी भरल्यावर दीड किलोच्या जवळ जाते. वाफ नसलेल्या इस्त्रीत वजन कामाला येतं, परीट पाच किलोंच्या वरची कोळशाची इस्त्री वापरतात ते त्यासाठीच. वाफ असेल तर वजनाची तेवढी गरज उरत नाही, मनगट दुखेल एवढी जड घेऊ नका. अंगठा बूस्टच्या बटणापर्यंत मूठ न सोडता पोचला पाहिजे.

टाचेवर उभी करून बोटाने हलकेच ढकला. चटकन कलंडणारी इस्त्री गादीवर नक्की पडणार. पाणी घालायचं तोंड रुंद आहे का, टाकी आरपार दिसते का बघा. गडद निळ्या टाकीत पाणी किती उरलं हे कळत नाही. वायर दोन मीटर तरी असावी आणि मुळाशी गोल फिरणारी. कापडी वेष्टणाची वायर घ्या, गुळगुळीत प्लास्टिकची वायर गरम तळाला टेकली की वितळते. डावखुऱ्यांनी वायर कोणत्या बाजूने निघते ते खास बघावं.

आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती घ्याच, सकाळच्या घाईत तिचे पैसे वसूल होतात. ती असलेल्या इस्त्र्या बहुधा आडव्या पडून राहिल्या तर अर्ध्या मिनिटात आणि उभ्या राहिल्या तर आठ मिनिटांत बंद होतात. इस्त्रीवर आयएसआयची खूण आणि तिच्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर दुकानातच उभ्या उभ्या तपासता येतो.

हाताने धरायचा गारमेंट स्टीमर हा इस्त्रीला पर्याय नव्हे. तो लटकलेला ड्रेस मऊ करतो, शर्टाची कॉलर किंवा पँटची क्रीज बसवत नाही. वेगळी टाकी आणि बॉयलर असलेलं स्टीम स्टेशन उत्तम काम करतं, पण रोज वीस-पंचवीस कपडे नसतील तर ते ओट्यावर जागा अडवून बसतं.

पाणी गळतंय, डाग पडतायत

नव्या इस्त्रीबद्दलची पहिली तक्रार गळतीची असते आणि बहुतेक वेळा इस्त्री ठीकच असते. तापमानाच्या चकतीवर एक टिंब म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. वाफ दोन टिंबांच्या पुढेच नीट होते. एका टिंबावर वाफ उघडली की पाणी आटण्याआधीच भोकांतून उतरतं. दिवा विझायच्या आधी वाफ उघडली तरी तेच. टाकी खुणेच्या वर भरणं किंवा पाणी ठेवून इस्त्री आडवी ठेवणं हीही कारणं. सगळं नीट करूनही गळत असेल तर झडपेत क्षार बसला आहे, कॅल्क-क्लीन करा.

तपकिरी डाग गंजाचेच असतात असं नाही. कपड्यात न निघालेला साबण किंवा खळ तळाला करपते आणि पुढच्या पांढऱ्या शर्टावर उतरते. कोमट तळ ओल्या कपड्याने आणि खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने पुसा. तारेची घासणी नको. मिठावर घासणंही नॉनस्टिक आणि सिरॅमिकला ओरखडे पाडतं. काळ्या पँटीवर चकाकी येत असेल तर तापमान जास्त आहे, उलट्या बाजूने करा.

गोधडीवर चादर घालून इस्त्री करायची सवय असेल तर वाफेचं निम्मं काम वाया जातं. वाफ खालच्या कापसात अडकते आणि कपडा दमट राहतो. सनमायकाच्या टेबलावर तर वाफेने पत्रा फुगतो. जाळीचा इस्त्री बोर्ड घ्या, वाफ खालून निघून जाते.

काम झालं की प्लग काढून गरम असतानाच पाणी ओतून द्या, वाफेचं बटण बंद करा आणि अर्धा तास टाचेवर उभी राहू द्या. गरम इस्त्रीला वायर घट्ट गुंडाळली की मुळाशी तारा तुटतात; चालू-बंद चालू-बंद होणारी इस्त्री बहुधा तिथेच गेलेली असते. अजिबात तापत नसेल तर थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. दुरुस्तीवाला ‘फ्यूज काढून डायरेक्ट करतो’ म्हणाला तर इस्त्री परत घेऊन या. थर्मोस्टॅट चिकटला तर तापमान वाढतच जातं, आणि त्याला थांबवणारा शेवटचा भाग तो फ्यूजच होता.